अनिष्ट तफावत : गावची सोसायटी कुठे अडते आणि कशाने सावरते

गावातल्या विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थेचे पूर्ण नाव फक्त पाटीवर आणि शिक्क्यावर असते. गावासाठी ती नुसती 'सोसायटी'. मार्च महिना लागला की महाराष्ट्रातल्या अशा असंख्य सोसायट्यांत एकच प्रकार चालतो. शेतकरी नात्यातल्या कोणाकडून, अडत्याकडून किंवा सावकाराकडून आठ-पंधरा दिवसांच्या बोलीवर पैसे उचलतो, गेल्या खरिपाचे पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरतो आणि एप्रिलमध्ये नवे कर्ज खात्यावर पडले की त्यातून उसनवारी फेडतो. याला 'नवं-जुनं करणे' म्हणतात. वेळेत फेडणाऱ्याला ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावर राज्यात व्याज पडत नाही, म्हणून हा खटाटोप परवडतो. संस्थेच्या दफ्तरी वसुली उत्तम दिसते; प्रत्यक्षात पिकातून आलेला रुपया कर्जखात्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो, आणि बिनव्याजी म्हणवणाऱ्या कर्जासाठी शेतकऱ्याने पंधरा दिवसांचे खासगी व्याज मोजलेले असते.

ग्रामीण अर्थकारणासाठी सहकारी संस्था बळकट केल्या पाहिजेत, हे वाक्य प्रत्येक भाषणात असते. बळकट म्हणजे नेमके काय, हे मात्र या नव्या-जुन्याच्या व्यवहाराकडे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आधी पैसा कुठून कुठे जातो ते पाहू. वर 'नाबार्ड', म्हणजे १९८२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँक. तिच्याकडून फेरकर्जाच्या रूपाने पैसा महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेकडे येतो, तिथून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेकडे आणि जिल्हा बँकेकडून गावच्या सोसायटीकडे. जिल्हा बँक यात आपल्या ठेवींतले पैसेही घालते. राज्यात ३१ जिल्हा बँका आणि साधारण २१ हजार सोसायट्या आहेत. जिल्हास्तरीय तांत्रिक समिती दरवर्षी पिकानुसार एकरी किंवा हेक्टरी किती कर्ज द्यायचे याचे दर ठरवते. सभासदाची जमीन आणि पिके पाहून गटसचिव, म्हणजे सोसायटीचे दफ्तर सांभाळणारा सचिव, 'कमाल मर्यादा पत्रक', म्हणजेच बोलीभाषेतले 'क. म.', तयार करतो, आणि सभासदाने सहकार कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे इकरार, म्हणजे कर्जासाठी जमिनीवर बोजा ठेवण्याचा लेखी करार, करून दिला की सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात सोसायटीचा बोजा चढतो. कर्ज सभासदाला मिळते, पण बँकेच्या वहीत ऋणको म्हणून नाव असते सोसायटीचे. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढचे सगळे दुखणे त्यातूनच निघते.

सोसायटीचे उत्पन्न म्हणजे बँकेकडून घेतलेल्या आणि सभासदाला दिलेल्या कर्जाच्या व्याजदरांतला फरक. सहकारात त्याला 'गाळा' म्हणतात. समजा एका सोसायटीचे सभासदांकडे १ कोटी रुपये येणे आहे आणि गाळा दीड टक्का आहे. वर्षाला दीड लाख, म्हणजे महिन्याला साडेबारा हजार रुपये झाले. त्यातच सचिवाच्या पगाराचा वाटा, शिपाई, वीजबिल, छपाई, लेखापरीक्षण शुल्क आणि वार्षिक सभेचा चहा. म्हणूनच अनेक गावांत स्वतंत्र सचिव परवडत नाही, एकाच गटसचिवाकडे चार-पाच सोसायट्यांची दफ्तरे असतात आणि 'साहेब आज कुठल्या गावात आहेत' हे फोन करून विचारावे लागते. त्यात सभासदाला न पडणाऱ्या व्याजाचे, म्हणजे व्याजसवलतीचे, पैसे सरकारकडून उशिरा आले, तर मधल्या काळाचा भारही या तुटपुंज्या गाळ्यावरच पडतो.

आता शीर्षकातला शब्द. सोसायटीचे सभासदांकडून जेवढे येणे आहे त्यापेक्षा बँकेचे देणे जास्त झाले, तर त्या फरकाला 'अनिष्ट तफावत' म्हणतात. सहकार खात्याच्या कागदांतला हा शब्द सामान्य सभासदाच्या कानावर क्वचितच पडतो, आणि तो कळला की अर्धा विषय कळतो असे माझे मत आहे. वरच्याच सोसायटीचे बँकेला १ कोटी देणे आहे, पण सभासदांच्या खात्यांची बेरीज ८२ लाखच भरते, असे समजा. उरलेले १८ लाख कोणाकडूनच वसूल होणार नाहीत, कारण ते कोणाच्याच नावावर नाहीत. ८२ लाखांवर दीड टक्का गाळा म्हणजे १ लाख २३ हजार रुपये. १८ लाखांवर बँकेचे व्याज सहा टक्के धरले तरी ते १ लाख ८ हजार रुपये होते. वर्षभर संस्था चालवायला राहिले पंधरा हजार. खर्च भागत नाही, बँकेचे व्याज थकते, ते मुदलात मिसळते आणि तफावत पुढच्या वर्षी आणखी रुंदावते. अशा संस्थेतला प्रत्येक सभासद प्रामाणिकपणे कर्ज फेडत असला तरी संस्था बुडत राहते, ही यातली सर्वांत विचित्र गोष्ट.

ही तफावत येते कुठून? कधी सरळ अपहार असतो, म्हणजे सभासदाने भरलेली रक्कम बँकेत पोहोचलेलीच नसते. पण प्रत्येक वेळी चोरीच असते असे नाही. गाळ्यापेक्षा खर्च जास्त झाला आणि तो बँकेच्या पैशांतून भागवला गेला, मृत सभासदाची बाकी निर्लेखित झाली, म्हणजे वहीतून काढून टाकली गेली, पण बँकेचे देणे राहिले, कर्जमाफीत मुद्दल आले पण मधल्या काळाचे व्याज कोणी सोसायचे हे लटकत राहिले, अशा लहानलहान भेगांतूनही ती साचते. एकदा ती मोठी झाली की जिल्हा बँक त्या संस्थेला नवे कर्ज देताना हात आखडता घेते, काही ठिकाणी संस्थेला वगळून थेट सभासदालाच कर्ज देऊ लागते, आणि संस्था नावापुरती उरते.

आपली व्यवस्था अशी वरून येणाऱ्या पैशांवर उभी का राहिली, याचे उत्तर इतिहासात आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर मोर्चा वळवला आणि कर्जखते, वह्या जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणून ते ओळखले जातात. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने सावकाराला काहीसा लगाम बसला, पण शेतकऱ्याला पर्यायी कर्ज देणारा कोणी उभा राहिला नाही. जर्मनीत राइफायझन यांनी उभ्या केलेल्या ग्रामीण पतसंस्थांचा नमुना समोर ठेवून १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्या नमुन्याचे मर्म असे की गावातली माणसे एकमेकांना ओळखतात, कोणाची ऐपत किती आणि नियत कशी हे बँकेपेक्षा शेजाऱ्याला जास्त कळते, आणि सर्वांनी आपली बचत एकत्र टाकलेली असल्याने एकाने बुडवले की सगळ्यांचेच बुडते. म्हणूनच सुरुवातीच्या ग्रामीण संस्थांत सभासदांची जबाबदारी अमर्यादित असे.

पण ही बचत आपल्याकडे जमलीच नाही. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत दिसले की शेतकऱ्यांनी घेतलेल्या कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम ३ टक्के आणि सावकारांचा सुमारे ७० टक्के होता. गोरवाला समितीने १९५४ च्या अहवालात यावर उपाय सुचवला तो शासनाच्या भागीदारीचा. त्या काळी तो आवश्यकही असावा, कारण तीन टक्क्यांवरून सहकार आपणहून वर आला असता असे मानायला आधार नव्हता. मात्र त्यामुळे एक गोष्ट कायमची बदलली. पैसा सभासदाच्या खिशातून येत होता तोवर सभासदाचे डोळे वहीवर होते. पैसा वरून येऊ लागला तसे सगळ्यांचे डोळे वर लागले. प्रवरेचा साखर कारखाना आठवावा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५०-५१ मध्ये तिथे पहिला गळीत हंगाम झाला, पण त्याआधी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करावे लागले होते. सरकार आणि वित्तसंस्थांचा पैसा त्या उभारणीतही होता, पण घरातून काढून दिलेल्या भागाच्या रकमेमुळे शेतकऱ्याला कारखाना आपला वाटला. पतसोसायटीत भाग 'कापून घेतला' जातो: कर्जाच्या रकमेतूनच ठरावीक टक्के भागापोटी वळते होतात. सभासदाला तो आपला पैसा वाटत नाही, कर्जाचा खर्च वाटतो.

दुसरी अडचण सोसायटीच्या मताची आहे, आणि तिच्याविषयी फारसे लिहिले जात नाही. जिल्हा बँकेच्या निवडणुकीत सोसायटी आपल्या प्रतिनिधीच्या नावे मतदानाचा ठराव करते. बाजार समितीच्या निवडणुकीतही सोसायट्यांच्या संचालकांचा स्वतंत्र मतदारसंघ असतो. त्यामुळे ज्या संस्थेचे वार्षिक उत्पन्न लाख-दीड लाख आहे, तिच्या संचालकपदासाठी दोन पॅनल उभी राहतात आणि त्या उत्पन्नाहून जास्त खर्च होतो. निवडून आलेल्याला संस्था चालवायची असतेच असे नाही. त्याला ठराव हवा असतो. यावर निवडणुका बंद करणे हा उपाय नव्हे. प्रशासकाच्या ताब्यातली संस्था अधिक नीट चालते असा अनुभव नाही. उपाय असलाच तर तो संस्थेचा व्यवहार एवढा वाढवण्यात आहे की खुर्चीवर कोण बसतो यापेक्षा गोदामात खत आहे की नाही याची चर्चा गावात जास्त व्हावी.

वसुलीचे गणितही याच दिशेने नेते. पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या पट्ट्यात सोसायटीची वसुली पूर्वापार बरी राहिली, त्याचे श्रेय केवळ तिथल्या शेतकऱ्याच्या शिस्तीला देणे बरोबर नाही. तिथे ऊस कारखान्याला जातो आणि कारखाना बिलातून सोसायटीची रक्कम परस्पर कापतो. याला 'लिंकिंग' म्हणतात. विदर्भात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना, म्हणजे कापूस फक्त शासनाच्या यंत्रणेने घेण्याची योजना, होती तोवर कापसाच्या चुकाऱ्यातून अशीच कपात होई. ती योजना मावळल्यावर कापूस आणि पुढे सोयाबीन खासगी व्यापाऱ्याकडे रोखीने जाऊ लागले आणि सोसायटीचा पिकाशी असलेला धागा तुटला. नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या जिल्हा बँका पुढे गंभीर अडचणीत आल्या, त्यामागे इतर कारणे होतीच. पण पीक आणि कर्ज यांची फारकत हेही एक कारण होते, असे मला वाटते.

कर्जमाफीचा उल्लेख टाळून हा विषय पुरा होत नाही. २००८ ची केंद्राची माफी, २०१७ ची राज्याची दीड लाखापर्यंतची, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची. दुष्काळ आणि पडलेले भाव यांत पिचलेल्या शेतकऱ्याला ती मिळू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु नियमित फेडणारा प्रत्येक वेळी मागे राहतो. त्याच्यासाठी नंतर जाहीर झालेले ५० हजारांपर्यंतचे प्रोत्साहन ही त्याची उशिराने घेतलेली दखल होती. शिवाय माफीची चाहूल लागली की भरणारेही थांबतात आणि सोसायटीची वसुली त्या वर्षी कोलमडते. माफी ही शासन आणि शेतकरी यांच्यातली गोष्ट आहे. तिचा हिशेब मात्र सोसायटीच्या वहीत होतो.

मग सावरायचे कसे? माझ्या मते पहिले पाऊल खताच्या गोणीपासून सुरू होते. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये प्राथमिक संस्थांसाठी, म्हणजे गावच्या सोसायट्यांसाठी, आदर्श पोटनियम राज्यांकडे पाठवले आणि त्यांत कर्जाखेरीज पंचवीसहून अधिक व्यवसायांची मुभा दिली: गोदाम, दूध, मत्स्यव्यवसाय, पेट्रोलपंप, औषधांचे दुकान, सेवा केंद्र. यादी आकर्षक आहे, आणि म्हणूनच फसवी आहे. ज्या संस्थेला पूर्णवेळ सचिव नाही तिने पेट्रोलपंपाचा ठराव करणे हा हौसेचा प्रकार झाला. सभासद जे आधीपासून विकत घेतोच, ते संस्थेने आणावे. खत, बियाणे, औषधे यांसाठी गावातून दरवर्षी मोठी रक्कम तालुक्याच्या दुकानात जाते आणि बऱ्याचदा उधारीवर, चढ्या दराने. सोसायटीने परवाना घेऊन खरीपपूर्व मागणी नोंदवली, तर ग्राहक शोधावे लागत नाहीत. ते भागधारकच असतात. पूर्वी पीककर्जाचा काही भाग खताच्या रूपाने देण्याची पद्धत होती. ती सक्तीची झाली तेव्हा बदनाम झाली, कारण नको ते खत माथी मारले गेले. मागणीप्रमाणे झाली तर तोच व्यवहार गाळ्याच्या तोकड्या उत्पन्नाला जोड देतो.

दुसरे पाऊल गोदामाचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीन एकदम बाजारात येते आणि भाव दबतो. शेतकऱ्याला हे ठाऊक असते, पण दिवाळी, रब्बीची पेरणी आणि मजुरी यांना पैसा लागतो, म्हणून तो विकतो. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. योजना चांगली आहे, अडते ती अंतरावर: दहा पोती घेऊन तालुक्याला जाणे-येणे आणि हमाली यांतच फायदा संपतो. गोदाम गावात असले, तर हाच हिशेब बदलतो. माल ठेवलेल्या शेतकऱ्याची पावती तारण ठेवून त्याला लगेच रक्कम मिळाली आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये माल विकून त्यातूनच पीककर्ज वळते झाले, तर लेखाच्या सुरुवातीचे नवं-जुनं करण्याची वेळच येत नाही. भाव वाढेलच याची हमी नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. काही वर्षी तो मार्चमध्ये आणखी उतरलेला असतो. पण कधी विकायचे हे ठरवण्याची मोकळीक ही स्वतःच एक मिळकत आहे. केंद्राने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या सहकारी धान्य साठवण योजनेच्या पथदर्शी टप्प्यात अकरा राज्यांतल्या अकरा संस्था निवडल्या गेल्या, त्यांत महाराष्ट्रातून अमरावती जिल्ह्यातल्या नेरपिंगळाईची सोसायटी होती. गोदाम बांधणे सोपे असते. ते दरवर्षी भरलेले राहील असा व्यवहार उभा करणे अवघड, आणि जुन्या योजनांतली रिकामी गोदामे त्याची साक्ष देतात.

संगणकीकरणाविषयी थोडक्यात. २०२२ मध्ये केंद्राने देशातल्या ६३ हजार प्राथमिक संस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सभासदाची बाकी आणि बँकेची बाकी एकाच प्रणालीत आली, तर तफावत वर्षअखेरीची वाट न पाहता महिन्यालाच दिसेल, आणि हा लाभ मोठा आहे. मात्र जुन्या वहीतल्या चुका तशाच्या तशा संगणकात चढवल्या, तर त्या चुकांना अधिकृत छपाई मिळते एवढेच. माहिती भरण्याआधी प्रत्येक सभासदाला त्याच्या बाकीचे पत्र देऊन सही घेणे हे कंटाळवाणे काम ज्यांनी केले, त्यांनाच पुढे फायदा होईल.

ठेवींचे काय, असा प्रश्न येतोच. राइफायझनच्या नमुन्यात स्वनिधी हाच पाया होता, आणि गावातली बचत सोसायटीत आली तर बँकेवरचे अवलंबन कमी होईल हे उघड आहे. परंतु प्राथमिक संस्थेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख नसते आणि तिच्यातल्या ठेवींना बँकेतल्या ठेवींसारखे ५ लाखांचे विमा संरक्षणही नसते. त्यामुळे अनिष्ट तफावतीतल्या संस्थेने ठेवी गोळा करणे धोक्याचे आहे. आधी तफावत मिटावी, नफ्यातून किमान एक चतुर्थांश रक्कम राखीव निधीत टाकण्याची कायद्यातली अट खऱ्या नफ्यातून पाळली जावी, मग ठेवी.

आणि सोसायटीच्या दाराबाहेर कोण उभे आहे, हेही पाहावे लागते. कर्ज सातबाऱ्यावर मिळते. सातबारा बहुधा पुरुषाच्या नावे असतो. बटाईने कसणारा, शेतमजूर, पतीच्या शेतात राबणारी स्त्री यांना या रचनेत जागा नाही. संचालक मंडळात स्त्रियांसाठी दोन जागा राखीव आहेत, पण मतदार यादीतच बायका मोजक्या असल्या तर त्या जागांवर कोणाच्या घरातून नावे येतात हे सांगायला नको. बचत गटांना सभासद किंवा ग्राहक म्हणून जोडून घेतलेल्या सोसायटीचा व्यवहारही वाढतो, आणि गटांची परतफेड नियमित असते हा फायदा वेगळाच.

सभासदाच्या हातात काय आहे? वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. मी बसलो होतो त्या एका सभेत अहवालवाचन अकरा मिनिटांत आटोपले, 'मंजूर, मंजूर' झाले आणि चहा आला. त्या अहवालात ताळेबंदाच्या डाव्या बाजूला 'बँक कर्ज' आणि उजव्या बाजूला 'सभासद येणे कर्ज' असे दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले होते, वजाबाकी तोंडी करता आली असती. व्याजाचेही तसेच दोन आकडे असतात, बँकेला देणे आणि सभासदांकडून येणे, तेही त्यात धरावेत. सभेत धीर झाला नाही तर सहकार कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे कोणताही सभासद कार्यालयीन वेळेत लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या खात्याचा उतारा विनामूल्य पाहू शकतो आणि शुल्क भरून प्रती मागू शकतो. बरोबर लेखापरीक्षण अहवाल आणि त्यातल्या दोषांवर संस्थेने दिलेला दोष दुरुस्ती अहवालही मागावा. मागच्या वर्षीचेच दोष यंदाही त्याच शब्दांत उतरले आहेत का, हे पाहायला दहा मिनिटे पुरतात. गटसचिव त्या दिवशी कोणत्या गावात आहेत, एवढे मात्र आधी फोन करून विचारावे लागेल.